काटा हलत नाही, मग चालणं सोडू का?

प्रश्न : नमस्कार. नाव छापू नये ही विनंती. मी सांगलीत राहते. वय ४७, उंची पाच फूट दोन इंच. गेले चार महिने सोमवार ते शनिवार रोज सकाळी आमराईत मैत्रिणींबरोबर पाऊण तास चालते. रविवारी चालणं नसतं, पण सगळ्या जमतो, चहा-भडंग होतं. सुरुवात केली तेव्हा वजन साडेपंच्याहत्तर किलो होतं, काल ७४ भरलं. चार महिन्यांत फक्त दीड किलो! रात्रीचा भातही बंद केलाय. आईला मधुमेह आहे, त्यामुळे मनात भीती असते. भाचा पुण्याहून आला होता. तो म्हणाला, "मावशी, चालणं हा काही व्यायाम नव्हे, जिम लाव नाहीतर पळायला लाग." मिस्टर म्हणतात, एवढ्या पहाटे उठून दीड किलोच जाणार असेल तर त्यापेक्षा झोप काढ. माझे गुडघे अधूनमधून दुखतात, पळणं जमेल असं वाटत नाही. चालण्याने खरंच वजन कमी होतं का? दहा हजार पावलं झालीच पाहिजेत का? सकाळी काही खाऊन जावं की उपाशीपोटी? स्पष्ट सांगा, चालणं सोडून देऊ का?
ता. क. : रोज सकाळी कोमट पाण्यातून लिंबू-मध घेते, ते चालू ठेवू का?

उत्तर : ताई, सोडू नका. पण तुमचा काटा खोटं बोलत नाहीये, हेही आधीच सांगते. चार महिन्यांत दीड किलो हा आकडा तुम्हाला अपयश वाटतोय. मी कागद-पेन्सिल घेऊन बसले तेव्हा मला तो अगदी चोख वाटला. कसा ते बघा.

मैत्रिणींबरोबर गप्पा मारत पाऊण तास चाललं तर साधारण तीन किलोमीटर होतात. तुमच्या वजनाच्या बाईला या चालीने, नुसतं बसून राहण्यापेक्षा, शंभर ते सव्वाशे कॅलरी जास्त लागतात. मोबाइलवर किंवा मनगटावरच्या घड्याळात याहून मोठा आकडा दिसतो, कारण तुम्ही घरी खुर्चीत बसून राहिला असतात तरी ज्या कॅलरी खर्च झाल्या असत्या, त्याही त्यात धरलेल्या असतात. आपण ११० धरू. आठवड्याचे सहा दिवस, चार महिने, म्हणजे शंभरेक फेऱ्या झाल्या. अकरा हजार कॅलरी. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी. भागून बघा, एक किलो चारशे ग्रॅम येतात. तुमचा काटा म्हणतोय दीड.

हा हिशोब वाण्याच्या वहीसारखा पैन्‌पै जुळणारा नसतो. आदल्या रात्री पापड-लोणचं जास्त झालं तरी अंगात पाणी धरून काटा किलोभर वर जातो आणि दोन दिवसांत खाली येतो. तरीपण अंदाज यायला तो पुरेसा आहे. तुमच्या चालण्याने जेवढं काम व्हायचं तेवढं झालं. तुमच्या मनात त्याच्याकडून जी अपेक्षा होती, ती मात्र त्याच्या ताकदीबाहेरची होती. आठ-दहा किलो नुसत्या चालण्यावर उतरवायचे तर या वेगाने दोन वर्षं लागतील, आणि तेवढ्या काळात शरीरही हुशारी करतं. हर्मन पाँटझर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने टांझानियातल्या हाडझा लोकांचा रोजचा एकूण खर्च मोजला. ही माणसं शिकार आणि कंदमुळांवर जगतात. पुरुष रोज अकरा-एक किलोमीटर चालतात, बायका सहाच्या आसपास. २०१२ साली त्याचे आकडे प्रसिद्ध झाले तेव्हा अनेकांना धक्का बसला. शरीराचा आकार लक्षात घेतला तर त्यांचा दिवसाचा एकूण कॅलरी-खर्च खुर्चीत बसून काम करणाऱ्या अमेरिकन माणसाएवढाच निघाला. सतत हालचाल करणारं शरीर दुसरीकडे कुठेतरी काटकसर करतं, असा त्याचा अर्थ लावला जातो. म्हणून "अजून एक तास चालते, दुप्पट उतरेल" हे गणित कागदावर जुळतं, अंगावर तेवढं जुळत नाही.

मग वजन उतरतं कुठून? बहुतेक स्वयंपाकघरातून. तुम्ही घरात किती तेल येतं ते लिहिलेलं नाही, पण समजा चार माणसांत महिन्याला पाच लिटरचा डबा संपतो. चटणी-आमटी-भाजीवर तर्री दिसली पाहिजे अशा आपल्या भागात हे काही फार नाही. माणशी रोज ४० मिलीलिटरच्या वर गेलं. तोच डबा घरात तीन लिटरचा झाला, तर माणशी रोज साधारण १३५ कॅलरी कमी होतात. तुमच्या सकाळच्या पाऊण तासापेक्षा जास्त! आणि एवढं करून कुणाला जेवणात फरक कळतोच असं नाही, फोडणीला पळीऐवजी चमचा वापरला की निम्मं काम होतं. बाटली तिरकी करून ओतायची सवय मात्र मोडावी लागेल. डबा उघडला की झाकणावर तारीख लिहून ठेवा, पुढचा डबा किती दिवसांनी उघडला ते कळेल. कॅलरी मोजणाऱ्या ॲपपेक्षा हा हिशोब मला जास्त भरवशाचा वाटतो, कारण ॲपमध्ये आपण आपल्याला हवं ते भरतो.

रात्रीचा भात बंद केलात, ठीक आहे. पण त्या जागी ताटात काय आलं? एक वाटी भाताऐवजी तेल लावलेल्या दोन चपात्या जास्त खाल्ल्या, तर तुम्ही उलट तोट्यात आहात. आपल्याकडे भाताला फुकट बदनाम केलंय. वाटीने मोजून घेतलेला भात, वर घट्ट वरण आणि शेजारी भरपूर भाजी, हे रात्रीचं जेवण म्हणून काही वाईट नाही. ज्वारीची भाकरी चालत असेल तर तीही उत्तम, चपातीसारखं तिला तेल लागत नाही. मात्र भाकरीवर लोण्याचा गोळा आणि बाजूला दाण्याच्या चटणीत ओतलेलं तेल असेल, तर मग तिचं कौतुक मला सांगू नका.

आणि रविवारचं भडंग. सांगलीच्या बाईला भडंग सोड म्हणायची माझी हिंमत नाही. फक्त एवढं लक्षात असू द्या की कुरमुरे हलके असले तरी भडंगात तेल, दाणे आणि मसाला जोरात असतो. वाटीभर भडंगात दीडशे ते दोनशे कॅलरी सहज जातात. म्हशीच्या दुधाचा, दोन चमचे साखरेचा चहा म्हणजे आणखी शंभराच्या आसपास. रविवारचा तो अर्धा तास तुमच्या सोमवार आणि मंगळवारच्या फेऱ्या पुसून टाकतो. महिन्यातून दोन रविवार तेच मैत्रिणी-मंडळ नुसत्या चहावर जमलं तरी चालेल. बाकी दोन रविवारी मन मारून बसू नका, खा.

हे सगळं ऐकून तुम्ही म्हणाल, मग चालायचं कशाला, तेलच कमी करते. थांबा. मला ज्या मुद्द्यावर सगळ्यात जास्त बोलायचंय तो आता येतो, आणि तो तुमच्या पत्रातल्या एका वाक्यात आहे. आईला मधुमेह आहे.

चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ भारतीयांचा तीन वर्षं पाठपुरावा केला. निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. एका गटाला नेहमीचा सर्वसाधारण सल्ला दिला. दुसऱ्या गटाला आहारात साखर, मैदा, तेल-तूप कमी करायला आणि बैठं काम असेल तर रोज किमान अर्धा तास झपझप चालायला सांगितलं. तीन वर्षांत पहिल्या गटातल्या शंभरापैकी ५५ जणांना मधुमेह झाला, दुसऱ्या गटात ३९ जणांना. हा फरक मोठा आहे. पण त्यातली खरी गंमत पुढे आहे. चालणाऱ्या गटाचं वजन म्हणावं असं उतरलंच नव्हतं. तुमचे मिस्टर त्यांच्या घरी असते तर त्यांनाही झोप काढा म्हणाले असते. काट्यावर काहीच दिसत नव्हतं आणि आत साखरेचं काम सुधारत होतं. स्नायू हलले की ते रक्तातली साखर ओढून घेतात. त्यासाठी वजन उतरण्याची वाट बघावी लागत नाही.

आपल्या लोकांच्या बाबतीत ही गोष्ट जास्तच महत्त्वाची. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक गेली कित्येक वर्षं सांगत आलेत की भारतीय माणूस दिसायला बारीक असला तरी आतून चरबीचा असतो. एका ब्रिटिश सहकाऱ्याबरोबर काढलेला त्यांचा फोटो वैद्यकीय जगात प्रसिद्ध आहे. दोघांचं उंचीच्या मानाने वजन अगदी सारखं, पण साहेबाच्या अंगात चरबी नऊ टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या अंगात एकवीस टक्के. म्हणून आपल्याकडे काट्यापेक्षा शिवणकामाचा टेप जास्त खरं बोलतो. बाईच्या कंबरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत असावा, पुरुषाचा ९०. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप लावा, पोट आत न ओढता, श्वास सोडून. हे माप महिन्यातून एकदा घ्यायचं, पाळी सुरू असेल तर ते दिवस टाळून. तुम्ही चार महिन्यांपूर्वी घेतलं नसणार. ब्लाउज किंवा कुर्त्याचा अंदाज आठवून बघा, कदाचित तिथे फरक पडलेला असेल.

गुडघ्यांचंही सांगते. अमेरिकेत गुडघेदुखीच्या जाड रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात दिसलं की वजन एक किलो उतरलं तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोने कमी होतो. म्हणजे तुमचा हा "फक्त दीड किलो" गुडघ्याला दर पावलागणिक सहा किलोचा आराम देतोय. तीन किलोमीटरमध्ये चार हजारांवर पावलं पडतात. पळायला लागा हा भाच्याचा सल्ला मात्र सध्या बाजूला ठेवा. पळण्याने त्याच अंतरात जास्त कॅलरी जळतात हे खरं आहे. पण या वजनाला, दुखऱ्या गुडघ्यांनी, डांबरी रस्त्यावर पळायला लागून पंधरा दिवसांत अंथरूण धरलं तर एकही कॅलरी जळणार नाही.

आणखी एक कारण. वजन उतरवणं वेगळं आणि उतरलेलं टिकवणं वेगळं. पहिलं काम कुठलंही डाएट तीन महिन्यांत करून दाखवतं, तुमच्याही नात्यात असं कुणीतरी असेल. दोन वर्षांनी त्या बाईंना परत भेटा. अमेरिकेत १९९४ पासून एक नोंदवही चालवली जाते. ज्यांनी साडेतेरा किलो किंवा त्याहून जास्त वजन उतरवलं आणि किमान वर्षभर परत चढू दिलं नाही, त्यांची त्यात नोंद होते. त्या हजारो माणसांची डाएटं शंभर प्रकारची आहेत, पण बहुतेकांचा रोजचा तासाभराचा व्यायाम ठरलेला आहे, आणि त्यात सर्वांत जास्त माणसं चालणारी आहेत. म्हणून आज तुम्हाला जी सवय लागली आहे ती मोडून, मग डाएट करून, मग पुन्हा सवय लावायची, हा उलटा कारभार करू नका. पहाटे उठून बुटात पाय घालणं हे सगळ्यात अवघड काम तुम्ही चार महिने करून दाखवलंय.

आता चालण्याबद्दल. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमाचा व्यायाम सांगते. तुमची २७० होतात, म्हणजे मिनिटांची कमी नाही. कमी आहे ती दमाची. ओळखायचं कसं? चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. तुमच्या मंडळात सुनेपासून सोन्याच्या भावापर्यंत सगळे विषय एका श्वासात होत असतील तर तो वेग फार आरामाचा आहे. त्याच पाऊण तासात तीनऐवजी सव्वाचार किलोमीटर गेलात तर शंभर-सव्वाशेच्या जागी दोनशेच्या जवळपास कॅलरी लागतील, एक मिनिटही वाढवावं लागणार नाही. लगेच जमणार नाही. जपानमध्ये मात्सुमोतोच्या शिन्शू विद्यापीठाने मध्यमवयीन आणि वयस्क माणसांवर एक साधी पद्धत पाच महिने वापरून पाहिली. तीन मिनिटं दम लागेल असं झपाझप चालायचं, तीन मिनिटं सावकाश, मग पुन्हा झपाझप, असं पाच वेळा, आठवड्यातले चार दिवस. अशा लोकांच्या मांड्यांची ताकद आणि दम वाढला, रक्तदाब उतरला. एका संथ चालीत चालणाऱ्यांना तेवढा फायदा झाला नाही. मैत्रिणींनाही यात ओढा, सावकाशच्या तीन मिनिटांत बोलून घ्यायचं. ज्यांना यायचं नसेल त्यांना शेवटच्या फेरीला गाठा, मैत्री तुटत नाही.

सांगली सपाट आहे. पुण्याच्या बायकांसारखी तुमच्या घराशेजारी टेकडी नाही. पण चढ हवाच असेल तर जिना आहे, आणि कृष्णेच्या घाटाच्या पायऱ्या आहेत. आठवड्यातून एखादा दिवस दहा मिनिटं तिथे चढा, उतरताना मात्र सावकाश आणि कडेला धरून, कारण दुखऱ्या गुडघ्याला चढण्यापेक्षा उतरणं जास्त जाचतं. गुडघा कुरकुरला तर हे सोडून द्या, झपझप चालणं पुरेसं आहे. पायात बूट असू द्या. साडी असो की पंजाबी ड्रेस, त्यावर बूट शोभतो की नाही हा प्रश्न आमराईतल्या लोकांवर सोडा. चपलेत वेग येत नाही आणि टाच दुखते.

दहा हजार पावलांचं म्हणाल, तर तो आकडा कुठल्या डॉक्टरच्या चिठ्ठीतून आलेला नाही. १९६४ मध्ये टोकियोत ऑलिंपिक झालं, व्यायामाचं वारं होतं, आणि पुढच्याच वर्षी तिथल्या एका घड्याळ कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र विकायला आणलं. त्याचं नाव होतं 'मान्पो-केई', म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. तोंडात बसेल असा गोल आकडा होता, जगभर गेला. आठ हजार झाली म्हणून अपराधी वाटून रात्री अकराला हॉलमध्ये येरझाऱ्या घालायची गरज नाही.

येरझाऱ्या घालायच्याच असतील तर जेवणानंतर घाला. आपल्या आजी-आजोबांची शतपावली मोडीत काढून आपण टीव्हीसमोर बसलो, आणि आता न्यूझीलंडहून तिचा दाखला आलाय. ओटागो विद्यापीठाने मधुमेहाच्या रुग्णांना दोन प्रकारे चालवून पाहिलं. एकदा दिवसात केव्हाही सलग अर्धा तास आणि एकदा प्रत्येक मुख्य जेवणानंतर दहा-दहा मिनिटं. एकूण मिनिटं सारखीच. जेवणानंतर चालले तेव्हा जेवणामुळे वाढणारी साखर सरासरी १२ टक्के कमी निघाली, रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्के. तुमच्या आईसाठी आणि तुमच्यासाठीही हे सोन्यासारखं आहे. सकाळचा वेळ तसाच ठेवा आणि रात्री ओटा आवरून झाला की दहा मिनिटं गल्लीत एक चक्कर मारा. मिस्टरांना बरोबर घ्या. पहाटेच्या झोपेचा त्यांना एवढा कळवळा आहे, तर रात्रीच्या दहा मिनिटांना ते नाही म्हणणार नाहीत.

सकाळी उपाशीपोटी गेल्याने जास्त चरबी जळते, हे तुम्ही ऐकलं असेल. त्या पाऊण तासापुरतं थोडंफार खरं आहे. दिवसभरात एकूण किती खाल्लं यापुढे मात्र त्याचा काही प्रभाव उरत नाही, वजनात फरक दिसत नाही. चक्कर येत नसेल तर नुसतं पाणी पिऊन जा, येत असेल तर अर्धं केळं खा. आईंनाही चालायला नेणार असाल आणि त्या साखर उतरवणाऱ्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असतील, तर त्यांना उपाशीपोटी नेऊ नका, आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

भाच्याला मी सगळंच चुकीचं ठरवणार नाही. जिमच्या मागे लपलेला एक मुद्दा त्याचा बरोबर आहे. चालण्याने पाय आणि हृदय काम करतं, पण हात, खांदे, पाठ यांना फारसं काही मिळत नाही. आणि ४७ हे वय अवघड आहे. पाळी जाण्याच्या आसपास स्नायू उतरायला लागतात आणि चरबी मांड्यांवरून पोटाकडे सरकते. त्यात नुसतं खाणं कमी केलं तर उतरलेल्या वजनात स्नायूही बरेच जातात. मग काटा खुश होतो, पण जिना चढताना पाय थरथरतात. म्हणून आठवड्यातून दोन दिवस पंधरा-वीस मिनिटं ताकदीचा व्यायाम हवा. त्यासाठी फी भरायची गरज नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि सावकाश बसायचं, दहा वेळा. स्वयंपाकाच्या ओट्याला दोन्ही हात टेकवून, पाय मागे घेऊन, छाती ओट्याकडे न्यायची आणि मागे ढकलायची. टाचा उचलून चवड्यांवर उभं राहायचं. पाण्याच्या लिटरभराच्या दोन बाटल्या खांद्यापर्यंत आणि मग डोक्यावर उचलायच्या. तीन आठवड्यांत सोपं वाटायला लागलं की फेऱ्या वाढवा. खुर्चीवरून उठताना गुडघा दुखला तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. मांडीचा स्नायू मजबूत झाला की गुडघ्याची तक्रारही बहुतेक वेळा कमी होते. जिम जवळ असेल, शिकवणारी व्यक्ती समजूतदार असेल आणि तुम्हाला आवडत असेल तर जरूर लावा. फक्त चालणं सोडून त्याच्या बदल्यात लावू नका.

स्नायूला खायलाही लागतं. आपल्या जेवणात आमटी पातळ आणि ताट चपाती-भाताने भरलेलं, त्यामुळे प्रथिनं कमी पडतात. मटकी किंवा हरभऱ्याची उसळ रस्सा कमी करून वाटी भरून घ्या, दुपारी दही, खात असाल तर दोन अंडी, आठवड्यातून एक-दोनदा तांबडा-पांढरा न करता साधं शिजवलेलं चिकन किंवा मासे. पोट भरलेलं राहतं आणि चारच्या चहाबरोबर खारी-टोस्ट शोधणारा हात आपोआप थांबतो.

किती उतरावं, असं तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते, कारण मनात आकडा असतो आणि तो बहुतेक लग्नातल्या फोटोचा असतो. तुमच्या वजनाच्या पाच ते सात टक्के, म्हणजे साधारण चार ते पाच किलो, एवढं सुरुवातीला उतरलं तरी साखर, रक्तदाब आणि गुडघे तिघांनाही फरक कळतो. तेल, रविवार आणि चालीचा वेग या तीन ठिकाणी हात घातलात तर पुढच्या चार-पाच महिन्यांत ते शक्य आहे. आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा जास्त उतरवण्याच्या भानगडीत पडू नका. काटा आठवड्यातून एकदा, त्याच वारी, सकाळी पाहा. रोज बघून स्वयंपाकघरात उगाच भांडी आपटू नका.

एवढं करूनही दोन महिन्यांत टेप आणि काटा दोन्ही जागचे हलले नाहीत, किंवा आताही खूप थकवा, केस गळणं, पाळीत गडबड असेल, तर थायरॉइडची तपासणी करा. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीएवनसी चाचणी मात्र या महिन्यातच करून घ्या. आईला मधुमेह असलेल्या ४७ वर्षांच्या बाईने ती टाळायची नसते. चालताना छातीत दाब किंवा जळजळ, डाव्या हाताला कळ, एकाएकी जास्त धाप, किंवा पोटरीत दर वेळी ठरावीक अंतरावर गोळा येणं, यातलं काही झालं तर चाल वाढवण्याआधी डॉक्टरांना गाठा.

आणि ताजा कलममधलं लिंबू-मध. लिंबू चरबी कापत नाही, कोमट पाणीही वितळवत नाही. चरबी तुपासारखी पातेल्यात गोठून बसलेली नसते. चमचाभर मधात चमचाभर साखरेएवढ्या, किंबहुना किंचित जास्तच कॅलरी असतात. सकाळी लिंबाचं पाणी प्यायला बरं वाटत असेल तर प्या, मध घालू नका. मधाची बाटली संपवायचीच असेल तर घरात ज्यांचं वजन कमी भरतं त्यांना द्या.